तार-पट्टी कुंपण विणण्याचे यंत्र

ताणलेल्या तारांच्या जोड्यांमध्ये लाकडी पट्ट्या एकामागून एक उभ्या घालत आणि प्रत्येक पट्टीनंतर तारांना पीळ देत, शेतात जागेवरच कुंपण तयार करणारे हातयंत्र. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात, विशेषतः ओहायो, इंडियाना व मिशिगन या राज्यांत, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत अशी यंत्रे मोठ्या प्रमाणावर विकली गेली. त्याने तयार होणाऱ्या कुंपणात खिळा जवळजवळ नसतो. पट्टीला धरून ठेवतो तो फक्त पीळ.

पार्श्वभूमी

जंगल तोडून शेती केलेल्या पूर्वेकडच्या राज्यांत लाकडी ओंडके फोडून नागमोडी कुंपण घालत. त्याला लाकूड भरमसाट लागे. प्रेअरीच्या गवताळ प्रदेशात मुळात झाडेच कमी, म्हणून तिथे ओसेज ऑरेंज या काटेरी झाडाची जिवंत कुंपणे लावली गेली. ती दाट व्हायला तीन-चार वर्षे लागत आणि छाटणी कायमची मागे लागे. वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून पोलाद करण्याच्या बेसेमर पद्धतीमुळे पोलादी तार स्वस्त झाली आणि १८७४ मध्ये इलिनॉयमधील डीकाल्बच्या जोसेफ ग्लिडन यांना काटेरी तारेचे पेटंट मिळाले. काटेरी तार झटपट लागते, पण घोड्याला ती दिसत नाही. घाबरून धावलेले जनावर तारेत शिरले की छाती आणि पाय फाटतात. शिवाय डुकराची पिल्ले आणि कोंबड्या तिला जुमानत नाहीत.

तार-पट्टी कुंपण हे लाकडी कुंपण आणि काटेरी तार या दोन्हींच्या मधले होते. पट्टीमुळे ते जनावराला लांबून दिसते, फटी लहान असल्यामुळे पिल्लू निसटत नाही, आणि सबंध फळ्यांच्या कुंपणापेक्षा लाकूड बरेच कमी लागते. करवतकामात उरलेल्या कडा आणि चिरफळ्याही त्यात खपतात. ओहायोतील मॅन्सफील्डच्या एस. एच. गॅरेट यांच्यासारखे उत्पादक शेतकी नियतकालिकांत जाहिराती देऊन यंत्र, तार आणि सुटे भाग थेट शेतकऱ्याला विकत.

रचना

यंत्राचे दोन भाग असतात आणि ते एकमेकांपासून शेतभर लांब असतात. एक विणणारी चौकट, दुसरा पलीकडच्या टोकाला असलेला ताण-भाग. जाहिरातीच्या चित्रात नेहमी चौकटच मोठी दिसते. कुंपण चांगले होणार की वेडेवाकडे, हे मात्र बहुतांशी ताण-भागावर ठरते.

चौकट तारांवर उभी टांगलेली असते. तारांच्या प्रत्येक जोडीसाठी तिच्यात एक फिरकी असते, म्हणजे दोन भोके किंवा दोन खाचा असलेली दातेरी चकती. जोडीतली एक तार एका खाचेतून, दुसरी दुसऱ्या खाचेतून जाते. चकती फिरली की तारा एकमेकींभोवती पिळतात. १.२ मीटर उंचीच्या कुंपणाला चार जोड्या म्हणजे चार फिरक्या पुरतात, डुकरांसाठी खाली आणखी एक घालतात. सगळ्या फिरक्या एकदम आणि सारख्याच फिरल्या पाहिजेत. त्यासाठी काही यंत्रांत हँडल आणि दातेरी चाकांची माळ असते, तर काहींत एक उभी दातेरी दांडी वर-खाली होते. दुसरी युक्ती जास्त सुटसुटीत आहे: दांडी वर गेली की उजवा पीळ, खाली आली की डावा. दिशा बदलण्याचे काम आपोआप होते.

ही दिशाबदल या यंत्राचा कणा आहे. फिरकी तारांच्या मध्ये कुठेतरी असते, त्यामुळे ती फिरली की मागे जसा पीळ पडतो तसाच उलटा पीळ पुढच्या मोकळ्या तारांतही पडतो. मागचा पीळ पुढच्या पट्टीने अडकून कायम होतो, पुढचा तसाच साठत जातो. १०० मीटर कुंपणात सुमारे १,१०० पट्ट्या बसतात. प्रत्येकीला दीड फेरा एकाच दिशेने दिला तर शेवटी साडेसोळाशे फेरे पुढच्या तारांत जमतील, म्हणजे त्याच्या फार आधीच काम अडेल. एका पट्टीला उजवा, पुढच्या पट्टीला डावा असा पीळ दिला की पुढचा पीळ दर दुसऱ्या पट्टीला फिटतो आणि तारा मोकळ्या राहतात. जुन्या कुंपणाचा तुकडा हातात घेऊन पाहिला तर लागोपाठच्या दोन फटींतले पीळ उलट दिशेचे दिसतात, ते यामुळे.

फेरे एक, दीड किंवा दोन असे अर्ध्याच्या पटीत असावे लागतात. फिरकी थांबताना तिची एक खाच कुंपणाच्या पुढच्या अंगाला आणि दुसरी मागच्या अंगाला आली, तरच दोन तारांमध्ये पट्टी शिरायला वाट उघडते. म्हणून चांगल्या यंत्रात त्या जागी कट्कन अडकणारा खटका असतो. तो झिजला की माणूस अंदाजाने थांबवू लागतो आणि चारपैकी एखादी जोडी अर्धवट मिटलेली राहते.

ताण आणि तारेचा हिशेब

विणताना तार आखडते. किती, ते मोजून पाहण्यासारखे आहे. पट्टी ३८ मिलिमीटर रुंद, १२ मिलिमीटर जाड आणि फट ५० मिलिमीटर धरू. प्रत्येक पट्टीला वळसा घालताना तारेला सरळ रेषेपेक्षा सुमारे ५ ते ६ मिलिमीटर जास्त लागतात, आणि दीड फेऱ्याच्या पिळात आणखी दोनेक मिलिमीटर जातात. पट्टी आणि फट मिळून ८८ मिलिमीटर, त्यामागे साडेसात मिलिमीटर वाढ, म्हणजे साडेआठ टक्के. १०० मीटर कुंपणासाठी प्रत्येक तार १०८ मीटरच्या वर लागते. ही वाढीव आठ-साडेआठ मीटर तार काम चालू असताना, ताण न सोडता, थोडी थोडी पुढे सरकत यायला हवी. तार पलीकडच्या खांबाला पक्की बांधून विणायला घेतले, तर काही मीटरांतच फिरकी फिरेनाशी होते किंवा तार तुटते.

म्हणून ताण-भागात तार बांधत नाहीत, घर्षणाने अडवतात. मजबूत लाकडी चौकटीत लोखंडी खुंट्या बसवून तार त्यांतून नागमोडी नेतात, किंवा दोन ठोकळ्यांत दाबून धरतात. ओढ ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की तार सरकते, कमी झाली की थांबते. मागे तारेचे वेटोळे मोकळे असते. ओझे लादलेल्या घसरगाडीला तारा बांधण्याचाही मार्ग आहे. दोरखंड वळण्याच्या जागी हीच तऱ्हा असते, दोर आखडत जातो तशी गाडी पुढे ओढली जाते. पण गाडी सगळ्या तारांना एकदमच सैल करते, आणि इथे तेच गैरसोयीचे आहे. पट्टी वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर वरची जोडी जास्त तार खाते. प्रत्येक जोडीला स्वतंत्र ढील मिळायला हवी.

वापरायची तार मऊ, तापवून निववलेली असावी. साडेबारा गेजची, म्हणजे सुमारे २.५ मिलिमीटर जाडीची तार मीटरला ३९ ग्रॅम भरते. चार जोड्यांच्या १०० मीटर कुंपणाला आठ तारा, टोकांच्या गाठी धरून साधारण ८८५ मीटर, म्हणजे ३४ ते ३५ किलो तार लागते.

काम करण्याची रीत

आधी दोन्ही टोकांचे खांब. वीसेक सेंटिमीटर जाडीचा खांब निदान एक मीटर खोल पुरून त्याला कुंपणाच्या दिशेने तिरका टेकू देतात. सगळा ताण यांच्यावर येतो आणि टेकूत केलेली काटकसर पहिल्या पावसानंतर दिसते. मधले खांब अडीच ते पाच मीटरवर. अमेरिकेत मोजमाप रॉडमध्ये चाले. एक रॉड साडेसोळा फूट, मैलाला ३२० रॉड.

मधले खांब आधीच पुरले असतील तर तारा त्यांना चिकटवून न नेता वीतभर अंतरावरून न्याव्या लागतात, नाहीतर चौकटीचा मागचा भाग प्रत्येक खांबावर अडतो. विणून झाल्यावर कुंपण खांबाकडे दाबून यू-खिळ्यांनी बसवतात.

पहिल्या खांबाला तारा गुंडाळून, फिरक्यांतून ओवून, पलीकडे ताण-भागात घालतात. मग दोन माणसांचे काम सुरू होते. एक जण पट्टी वरून दोन तारांच्या मधून खाली सोडतो. दुसरा चौकट धरून पट्टीला मागच्या पिळावर एक-दोन ठोके देतो, म्हणजे चारही जोड्यांत पट्टी घट्ट बसते. मग हँडल फिरवून पीळ, खटका, आणि पुढची पट्टी. ठोका देणे सोडून नुसते हाताने दाबले तर फटी हळूहळू वाढत जातात. एका पट्टीला वीस सेकंद धरले तर तासाला १८० पट्ट्या, म्हणजे जेमतेम १६ मीटर कुंपण होते. पट्ट्या आधी सारख्या लांबीच्या कापून, कुंपणाच्या रेषेवर थोड्या थोड्या अंतरावर ढीग करून ठेवल्या नाहीत तर एवढेही होत नाही.

पट्टीची खालची टोके जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटर वर ठेवतात. मातीला टेकलेली पट्टी तळापासून कुजते.

उतारावर या यंत्राचा खरा फायदा कळतो. कारखान्यातून गुंडाळी होऊन आलेल्या कुंपणात पट्ट्या तारांना काटकोनात असतात. उतारावर ते उलगडले की सगळ्या पट्ट्या कलतात आणि ओढून सरळ करताना तारा एका बाजूला सैल पडतात. जागेवर विणताना तारा उतारासोबत जातात, पट्टी मात्र ओळंब्यात ठेवता येते. यासाठी चौकट तारांना काटकोनात न धरता उभी धरायची असते. चढ सुरू होतो तिथे दर आठ-दहा पट्ट्यांनी ओळंबा लावून पाहावा.

बिघाड

पट्ट्या एकाच बाजूला कलू लागल्या की दोष सहसा ताणात असतो. तळाची जोडी अडकून सरकत नसेल तर पट्टीचे खालचे टोक नीट बसत नाही आणि पंख्यासारखा फाटा पडतो. वाकडी पट्टी ठोकून सरळ करण्याने भागत नाही. ताण-भागात जाऊन ती जोडी मोकळी करावी लागते.

ओले लाकूड हे दुसरे मोठे कारण. ताजी कापलेली पट्टी वाळताना आकसते, तारेची पकड सुटते आणि सहा महिन्यांनी पट्ट्या खाली घसरून जमिनीला टेकतात. वाळवलेली आणि रंधा न मारलेली, करवतीची खरखर असलेली पट्टी उत्तम. फोडून काढलेली त्याहून बरी. घसरण थांबवायला काही जण दर पाच-सहा पट्ट्यांनी वरच्या तारेवर लहान यू-खिळा मारतात.

कडक तार घेतली तर फिरकी सोडताच पीळ थोडा उलगडतो. मग माणूस जास्त फेरे देतो, आणि जास्त फेऱ्यांत जस्ताचा मुलामा तडकून तिथूनच गंज धरतो. तार मऊ असताना दीड फेरा पुरतो. फट रुंद असेल तर दोन.

हवामानाचाही वाटा असतो. १०० मीटर पोलादी तार ४० अंशांच्या फरकाने सुमारे पाच सेंटिमीटर लांब-आखूड होते. सरळ तारेचे कुंपण यामुळे उन्हाळ्यात लोंबते. पिळलेली, पट्ट्यांभोवती वळलेली तार मात्र थोडी स्प्रिंगसारखी वागते आणि हा फरक बराचसा स्वतःतच जिरवते.

ऱ्हास आणि आजचे रूप

पट्टी न घालता नुसत्या तारेचीच जाळी कारखान्यात विणण्याचा धंदा १८८० नंतर वाढला. मिशिगनमधील एड्रियनचे जे. वॉलेस पेज त्यातले एक मोठे नाव. इंडियानातील किट्सेलमन बंधूंनी शेतकऱ्याने शेतात तारजाळी विणावी अशीही यंत्रे विकली. पुढे अमेरिकन स्टील अँड वायरसारख्या मोठ्या कंपन्यांची तयार जाळी स्वस्त मिळू लागली, तेव्हा पट्टीमागे वीस सेकंद घालवण्यात अर्थ राहिला नाही. लाकूड दुर्मिळ झाल्यामुळे यंत्र मागे पडले असे कधी कधी म्हटले जाते. त्यापेक्षा मजुरीचा हिशेब अधिक पटतो, कारण कारखान्यात यंत्राने विणलेले तार-पट्टी कुंपण टिकून राहिले.

अमेरिकेत रस्त्यांवर बर्फ साचू नये म्हणून उभारतात ते हिम-कुंपण हेच आहे: साधारण चार फूट उंच पट्ट्या, पाच तारजोड्या, ५० फुटांची गुंडाळी. पट्ट्यांच्या फटींतून वारा निम्मा जातो, निम्मा अडतो, त्याचा वेग पडतो आणि बर्फ कुंपणामागे साचते. ते रस्त्याला लागून लावायचे नसते. वाऱ्याच्या बाजूला, उंचीच्या ३५ पट अंतरावर लावतात. इंग्लंडच्या केंट आणि ससेक्स भागांत चेस्टनट या झाडाच्या फोडलेल्या पट्ट्यांचे असेच कुंपण आजही तयार होते. तिथे पिळणारे यंत्र कार्यशाळेत एका जागी असते आणि कुंपण त्याच्यातून पुढे सरकते. समुद्रकिनाऱ्यावर वाळू अडवायलाही ते वापरतात.

महाराष्ट्रात या यंत्राची परंपरा नाही. काटेरी तार आणि सिमेंटचे खांब, किंवा चेन-लिंक जाळी हीच इथली रूढ कुंपणे. बांबूच्या कामट्या वापरून हे कुंपण विणता येईल, पण कामटीची बाहेरची पाठ गुळगुळीत असल्यामुळे ती तारेत घसरते. पेरे तारजोडीच्या लगेच वर येईल अशी कामटी बसवली, तर ती पेऱ्यावर अडते.