गोल बैठकीची साठ भोकं

मुंबईत इराण्याच्या हॉटेलात चहा प्यायलेल्याला ती खुर्ची सांगावी लागत नाही. वाफेवर वाकवलेलं लाकूड, गोल बैठक, पाठीला कमानी. व्हिएन्नात धंदा थाटलेल्या मिखाएल थोनेटने १८५९ साली बाजारात आणलेल्या १४ नंबरच्या खुर्चीची ही सगळी भावंडं. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुटी करून भरली की एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत. आमच्या घरातल्या अशाच एका खुर्चीची वेताची जाळी फाटली होतीच, शिवाय बैठकीच्या कड्याला भोकांच्या रांगेतूनच चीर गेली होती. कडं नवीन करून घेतलं. भोकांच्या खुणा मात्र मी स्वतः करायला घेतल्या.

जाळीसाठी पट्टी घेतली ३ मिलिमीटर रुंदीची. तिला साधारण ६ मिलिमीटरचं भोक लागतं आणि दोन भोकांच्या मध्यांत १९ मिलिमीटर अंतर. माझ्या कड्यावर भोकांच्या वर्तुळाची त्रिज्या १८ सेंटिमीटर, म्हणजे परीघ ११३ सेंटिमीटर. भागाकार केला की जवळजवळ साठ भोकं बसतात. ‘त्यात काय, डिव्हायडर धरा आणि टिंबं मारत चला,’ सुतार म्हणाला. मी मारत गेलो. एकसष्टावं टिंब पहिल्यावर यायला हवं होतं, ते तब्बल दीड सेंटिमीटर अलीकडेच थांबलं. डिव्हायडरची टोकं पाव मिलिमीटर जवळ धरली गेली होती, एवढंच. पण पाव गुणिले साठ म्हणजे पंधरा मिलिमीटर. नशीब, हातात पेन्सिल होती, ड्रिल नव्हतं.

यावर जुना शाळकरी उपाय आहे. कंपासात त्रिज्या जशीच्या तशी ठेवून वर्तुळावर सहा खुणा करायच्या आणि प्रत्येक भागाचे दहा-दहा करायचे. मग चूक झालीच तर त्या दहांतच राहते. साठ हा आकडाही सोयीचा. त्याला चाराने भाग जातो, त्यामुळे पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे बरोबर मध्यावर एकेक भोक येतं. विणकाम तिथूनच सुरू होतं.

इथवर सगळं वर्तुळाच्या मनासारखं झालं. वेताची पट्टी मात्र सरळ जाते. आधी उभ्या पट्ट्या, त्यांवर आडव्या, पुन्हा उभ्या, मग खालीवर विणत आडव्या, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी तिरक्या. या पट्ट्यांना परिघावरचं अंतर नको असतं, सरळ रेषेतलं हवं असतं. मधल्या भोकातून पहिली उभी पट्टी घातली की दुसरी तिच्यापासून १८.८ मिलिमीटरवर बसते. छान. पण आठवी सातवीपासून १५, दहावी नववीपासून १२, आणि कडेची शेवटची तर एकाच मिलिमीटरवर! भोकं कड्यावर सारख्या अंतरावर असूनही पट्ट्या बाजूला दाटत जातात. त्रिकोणमितीतला ‘साइन’ इथे बोटाला लागतो.

म्हटलं, मग उलटं करू. कागदावर सरळ चौकटी आखून त्या रेषा कड्याला जिथे छेदतील तिथेच भोकं पाडू. काढून पाहिलं. एके जागी उभ्या रेषेचं भोक आणि आडव्या रेषेचं भोक यांच्या मध्यांत २ मिलिमीटरसुद्धा अंतर उरेना. सहा मिलिमीटरची दोन भोकं तिथे पाडली असती तर ती एकमेकांत मिसळली असती आणि लाकूड पोस्टाच्या तिकिटासारखं त्याच रेषेवर फाटलं असतं.

म्हणून भोकं परिघावर सारखीच ठेवायची आणि विणताना काही सोडून द्यायची. ओली पट्टी आधीच्या पट्टीला समांतर धरायची, तिच्याखाली सगळ्यात जवळ येईल ते भोक घ्यायचं. बाजूची जी भोकं उभ्या पट्टीला नकोत, तीच आडव्या पट्टीला नेमक्या अंतरावर मिळतात, कारण एकीला जिथे दाटी तिथे दुसरीला मोकळीक. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत आवडली.

अडचण उरते ती पंचेचाळीस अंशांच्या आसपास. तिथे उभी-आडवी दोन्ही थोड्या दाटतात. तिरक्यांचं दुखणं नेमकं उलटं: त्यांना १३ मिलिमीटरवर भोक हवं असतं आणि मिळतं १९ वर. म्हणून तिथल्या काही भोकांत दोन-दोन तिरक्या पट्ट्या घालाव्या लागतात. हट्टाने एकेकच घातली तर जाळीतली अष्टकोनी घरं चेपतात आणि पट्ट्या एकमेकींवर घासून लवकर तुटतात.

वेत हा माडाच्या कुळातला वेल. त्याची चकचकीत साल सोलून या पट्ट्या काढतात. वीसेक मिनिटं पाण्यात ठेवली की पट्टी लवचीक होते आणि वाळताना ताणून बसते, म्हणून विणताना फार खेचायची नसते.

अंध कारागिरांना हे काम शिकवण्याची प्रथा जुनी आहे. भोकं मोजायला बोटं पुरतात. शेवटी भोकांवरून गोट म्हणून एक रुंद पट्टी बसते आणि दुहेरी भरलेली भोकं तिच्याखाली झाकली जातात. दिसत नाहीत, पण अंगठा दाबून फिरवला की चार ठिकाणी बारीक उंचवटा लागतो.