वसंतातील हिमवादळ आणि हिमस्खलन (हिमालय)

मार्च ते मे या काळात पश्चिमी विक्षोभामुळे (पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवामान-प्रणालीमुळे) हिमालयाच्या उंच भागांत जोरदार बर्फवृष्टी होते आणि तिच्यामागोमाग हिमस्खलनाचा धोका वाढतो. हिवाळा सरला की बर्फाची भीती संपली, हा समज चुकीचा आहे. उत्तराखंडमधील सुमना परिसरात २३ एप्रिल २०२१ रोजी सीमा सडक संघटनेच्या मजुरांच्या छावणीवर हिमस्खलन कोसळले, तेही सलग काही दिवसांच्या पाऊस-बर्फानंतर. सिक्कीममध्ये नाथू ला खिंडीच्या मार्गावर ४ एप्रिल २०२३ रोजी हिमस्खलनात ७ पर्यटक दगावले. परवाने १३व्या मैलापर्यंतचेच होते; दुर्घटना घडली १५व्या मैलाजवळ.

वसंतात जुना बर्फ दिवसा वितळतो, रात्री गोठतो आणि त्यावर कडक पापुद्रा धरतो. नवा बर्फ या पापुद्र्याला किती घट्ट चिकटतो, यावर पुढचे सारे ठरते. वादळ उबदार हवेत सुरू होऊन नंतर थंडी वाढली, तर ओलसर बर्फ खाली चिकटून बसतो. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी कोरडा, भुसभुशीत आणि वर जड बर्फ पडला, की एका माणसाच्या वजनानेही वरच्या थराची अख्खी लादी सुटून घसरू शकते (हेच लादी-स्खलन). या दिवसांत साबुदाण्यासारखे गोल हिमकणही पडतात. ते पापुद्र्यावरून घरंगळून कड्यांच्या पायथ्याशी साचतात आणि वरच्या थराला पकड मिळू देत नाहीत.

वाऱ्याचा वाटाही मोठा असतो. तो एका उतारावरचा बर्फ उचलून धारेपलीकडच्या आडोशाला रचतो. तिथला थर प्रत्यक्ष पडलेल्या बर्फापेक्षा कितीतरी जाड होतो. बहुतेक लादी-स्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. स्वतः सपाटीवर चालणाराही वर असा उतार असेल तर सुरक्षित नसतो.

थर तपासण्यासाठी बर्फात उभा खड्डा खणतात आणि त्याच्या भिंतीत क्रमाने मूठ, चार बोटे, एक बोट, पेन्सिल, सुरी खुपसून पाहतात. ज्या थरात पेन्सिलच काय ती शिरते, त्याच्याखाली मूठ सहज जात असेल, तर त्या उतारावर न जाणेच बरे. पायाखालून ‘धुप्प’ असा आवाज येणे किंवा बर्फाला दूरवर तडा जाणे, या धोक्याच्या खुणा ओळखायला तर खड्ड्याचीही गरज नाही.

वादळ निवळल्यावरचा पहिला उन्हाचा दिवस फसवा. आकाश निळे, फोटोला उत्तम. आणि नेमके तेव्हाच एप्रिलचे ऊन ताज्या बर्फात पाणी मुरवून त्याची पकड सैल करते. पूर्वेचे उतार सकाळीच तापतात, मग दक्षिणेचे, दुपारनंतर पश्चिमेचे. म्हणून वाटाडे पहाटे निघून दुपारपूर्वी खाली उतरतात. उन्हाळी सुट्टीत महाराष्ट्रातून येणाऱ्या ट्रेकरांना ही घाई अनेकदा जाचक वाटते.

भारतात हिमस्खलनाचे इशारे डीआरडीओची (संरक्षण संशोधन व विकास संघटनेची) चंडीगड येथील संस्था देते. मनालीतील जुनी हिम व हिमस्खलन संस्था २०२० मध्ये तिच्यात विलीन झाली. इशारा विस्तृत पट्ट्यासाठी असतो, त्यामुळे समोरच्या घळीचा निर्णय जागेवरच घ्यावा लागतो. गाडल्या गेलेल्यांपैकी बहुतेक जण पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढल्यासच वाचतात. बाहेरचे बचावपथक तेवढ्यात पोहोचणे जवळपास अशक्य, म्हणून ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव सांगणारे रेडिओ-यंत्र), बर्फात खुपसून पाहायची शोधकाठी आणि फावडे प्रत्येकाच्या पाठीवर असावे लागते.