पॅच टाकलेले कॉम्प्युटरही का पडले?

‘विंडोज अपडेट आहे, अनोळखी लिंक मी उघडत नाही, मग भीती कसली?’ असं अनेकांना वाटतं. 27 जून 2017 रोजी पसरलेल्या नॉटपेट्या या वर्मनं, म्हणजे स्वतःहून पसरणाऱ्या घातक प्रोग्रामनं, हा समज पार मोडून काढला. युक्रेनमधल्या एम.ई.डॉक या करविषयक सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच तो शिरला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या नेटवर्कवरून न्हावाशेव्यापर्यंत पोचला. जेएनपीटी बंदरातल्या मर्स्कच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं.

वर्मला तुमच्या क्लिकची गरज नसते. पुढचं मशीन तो स्वतःच शोधतो. नॉटपेट्याकडे त्यासाठी दोन वाटा होत्या. एक म्हणजे एसएमबी-1 या फाइल शेअरिंगच्या जुन्या प्रोटोकॉलमधली फट. तिचा पॅच, म्हणजे फट बुजवणारा अपडेट, 14 मार्च 2017 लाच आला होता. दुसरी वाट मात्र कुठल्याच पॅचनं बंद होत नव्हती.

तुम्ही लॉगिन केलं की विंडोजची एलएसएएसएस ही प्रोसेस तुमची ओळख मेमरीत सांभाळते, म्हणजे प्रत्येक शेअर फोल्डरला पुन्हा पासवर्ड द्यावा लागत नाही. अ‍ॅडमिनचे हक्क मिळालेला प्रोग्राम ही मेमरी वाचू शकतो. समजा, आयटीवाल्यानं प्रिंटर बसवायला एका मशीनवर, ऑफिसच्या सगळ्या मशीनवर हक्क असलेल्या डोमेन अ‍ॅडमिननं लॉगिन केलं आणि साइन आउट न करता नुसती रिमोट विंडो बंद केली. त्याची ओळख तिथंच राहिली. वर्मनं ती उचलली, शेजारच्या मशीनच्या ‘अ‍ॅडमिन$’ शेअरवर, म्हणजे अ‍ॅडमिनसाठीच्या छुप्या फोल्डरवर, स्वतःची प्रत टाकली आणि पीएसएक्झेक किंवा डब्ल्यूएमआयसी या मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साधनांनीच ती चालवली. त्या मशीनच्या दृष्टीनं हे रीतसर लॉगिन होतं. फट वापरलीच नाही, तर पॅच अडवणार काय? पॅच नसलेलं एकच मशीन सगळ्या ऑफिसला पुरलं.

नंतर साधारण तासाभरात मशीन रीस्टार्ट होऊन डिस्क तपासणीचा बनावट स्क्रीन दिसे. फाइल टेबल, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंद, एन्क्रिप्ट होत असे ते याच वेळी. तेव्हाच वीज तोडली तर बराच डेटा वाचण्याची शक्यता होती. पुढे 300 डॉलरची खंडणी भरूनही उपयोग नव्हता, कारण स्क्रीनवरची ‘की’ निव्वळ रँडम होती. विंडोज फोल्डरमध्ये ‘परफसी’ नावाची रिकामी फाइल ठेवण्याचा उपाय तेव्हा खूप फिरला. तो खरा होता, पण फक्त याच वर्मपुरता. अशा फॉरवर्डवर कायमची भिस्त ठेवणं धोक्याचं.

रोजच्या कामाला स्टँडर्ड अकाउंट वापरा. सेटिंग्ज, अकाउंट्समध्ये तुमच्या नावाखाली ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ दिसत असेल, तर इन्स्टॉलेशनसाठी वेगळं अ‍ॅडमिन अकाउंट काढून रोजचं स्टँडर्ड करा. ऑफिसात सगळ्या मशीनना एकच लोकल अ‍ॅडमिन पासवर्ड कधीही नको. मायक्रोसॉफ्टचं लॅप्स हे साधन प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड देतं. बॅकअपची डिस्क कॉपी संपताच काढा, जोडलेली राहिली तर तीही जाते. कंट्रोल पॅनलच्या ‘विंडोज फीचर्स’मध्ये एसएमबी 1.0 ची खूण काढून रीस्टार्ट करा. यानंतर जुना ऑफिस स्कॅनर शेअर फोल्डरमध्ये स्कॅन टाकेनासा झाला, तर त्याचं फर्मवेअर अपडेट करा किंवा स्कॅन पेनड्राइव्हवर घ्या. त्याच्यासाठी एसएमबी-1 पुन्हा चालू करू नका.