कितवा आठवडा?

ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ पूर्ण सोडून ती उलटीचा आवाज दाबत होती. शेजारच्या दारामागे मी तेच करत होते. बाहेर आलो, दोघींनी तोंडावर पाणी मारलं आणि तिनं आरशातूनच विचारलं, "कितवा आठवडा?"

"सातवा." घराबाहेर कुणाला सांगितलेला तो पहिला शब्द.

"मला नववा." तिनं पर्समधून एक छोटी स्टीलची डबी काढली. आत चुरमुरे आणि डाळं. "उशाशी ठेव. सकाळी उठायच्या आधी, पडल्या पडल्या चार दाणे चावून खा. मगच पाय खाली टाक."

पंधरा दिवसांनी आमच्यात तिसरी आली. लिफ्टमध्ये कुणाच्या तरी डब्यातल्या लसणाच्या फोडणीचा वास आला आणि तिनं ओढणी नाकाला लावली, त्यावरूनच आम्ही ओळखलं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघी कॅन्टीन सोडून जिन्यात बसायला लागलो. तिथं वास नव्हता आणि विचारणारंही कुणी नव्हतं.

"तीन महिने कुठं बोलू नकोस," असं सासूबाईंनी मला बजावलं होतं, आईनंही. या रिवाजामागचं दुःख खरं आहे. पहिल्या बारा आठवड्यांत पुष्कळदा गर्भ राहत नाही आणि गावभर सांगून झाल्यावर ते पुन्हा प्रत्येकाला सांगत बसणं फार जड जातं. पण त्याचा परिणाम असा होतो की शरीर सगळ्यात जास्त हललेलं असतं, नेमक्या त्याच दिवसांत बाई एकटी पडते. डोहाळजेवण आपण सातव्या महिन्यात करतो. हिरवी साडी, फुलांची वाडी, ओटी, सगळं काही. तोवर बहुतेकींच्या उलट्या कधीच्या थांबलेल्या असतात.

आठवड्यांचा हिशेब आधी सांगते, कारण पहिल्यांदा गरोदर राहिलेल्या जवळजवळ प्रत्येकीचा तिथं गोंधळ होतो. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे पहिले दोन आठवडे पोटात काहीच नसतं! पाळी चुकते तेव्हा चार आठवडे झालेले असतात. पाचव्या आठवड्यात गर्भ तिळाएवढा असतो, आठव्यात राजम्याच्या दाण्याएवढा. बाहेरून काहीच दिसत नाही, त्यामुळे लोकलमध्ये जागा मिळत नाही आणि घरात कुणी हातातलं काम काढून घेत नाही.

आत मात्र धांदल उडालेली असते. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजला की वारेच्या (प्लॅसेंटाच्या) पेशी एचसीजी नावाचं संप्रेरक सोडू लागतात. घरच्या चाचणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती याच्यामुळे. सुरुवातीच्या आठवड्यांत त्याचं प्रमाण दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होतं आणि आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत वर जातं. प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक वाढतं, त्यानं डोळ्यांवर झापड येते आणि आतड्यांची हालचाल मंदावून पोट साफ होत नाही. आठव्या आठवड्यापर्यंत हृदय दर मिनिटाला सुमारे पाचव्या हिश्शानं जास्त रक्त फिरवू लागलेलं असतं. पहिली तिमाही संपता संपता मूत्रपिंडांचं गाळण्याचं काम जवळजवळ दीडपट होतं, म्हणून रात्री तीनदा उठावं लागतं. दुपारी तीन वाजता टेबलावर डोकं टेकवणाऱ्या बाईला कुणी आळशी म्हणत असेल तर त्याला हे आकडे सांगावेत.

उलट्यांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण या बाबतीत बायकांवर फार अन्याय झाला आहे. दहापैकी सात-आठ गरोदर स्त्रियांना मळमळ होते. तरीही कित्येक वर्षं डॉक्टरांमध्येसुद्धा असा समज होता की हे मनाचे खेळ आहेत, बाईला मूल नको असेल म्हणून तिला ओकाऱ्या येतात. मार्लेना फेझो या अमेरिकन संशोधिकेला १९९९ मध्ये गरोदरपणी इतक्या टोकाच्या उलट्या झाल्या की पंधराव्या आठवड्यात तिचं बाळ गेलं. त्यानंतर तिनं याच प्रश्नावर काम केलं. डिसेंबर २०२३ मध्ये तिनं आणि केंब्रिजच्या स्टीफन ओ'राहिली यांच्या गटानं 'नेचर' या नियतकालिकात जे दाखवलं ते थोडक्यात असं: जीडीएफ१५ नावाचं एक प्रथिन गर्भ आणि वार तयार करतात, ते आईच्या रक्तात उतरतं आणि मेंदूच्या मागच्या भागातल्या, मळमळ जागवणाऱ्या केंद्रावर काम करतं.

यातली सर्वांत लक्षात राहण्यासारखी गोष्ट पुढंच आहे. हे प्रथिन आपल्या सगळ्यांच्या रक्तात थोडंफार असतंच. जिच्या रक्तात ते गरोदरपणाआधी कमी असतं, तिला त्याची सवय नसते आणि अचानक आलेली लाट तिला जास्त झोडपते. बीटा थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या स्त्रियांमध्ये ते कायमच जास्त असतं, आणि त्यांना गरोदरपणी मळमळ फारच कमी होते. म्हणजे आम्हा तिघींपैकी एक दिवसभर ओकत होती, एक सकाळी ओकून दुपारी वडापाव खाऊ शकत होती आणि एकीला फक्त वास सहन होत नव्हता, यात कुणाच्या सोशिकपणाचा प्रश्नच नव्हता. "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही," म्हणणाऱ्या काकूंचं रक्तच कदाचित वेगळं असेल.

औषधांच्या भीतीलाही इतिहास आहे. १९५७ पासून युरोपात थॅलिडोमाइड हे औषध विकलं गेलं, गरोदर बायकांना मळमळीवर दिलं गेलं, आणि हजारो मुलं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. १९६१ मध्ये ते बाजारातून काढलं. त्या भीतीची सावली निर्दोष औषधांवरही पडली. डॉक्सिलामाइन आणि बी६ जीवनसत्त्व यांची मळमळीवरची एकत्र गोळी अमेरिकेत १९८३ मध्ये खटल्यांमुळे कंपनीनं बंद केली. औषध सुरक्षित असल्याचा पुरावा भक्कम होता, तरी ते तिथल्या बाजारात परत यायला २०१३ उजाडलं. मधली तीस वर्षं किती जणींनी दात-ओठ खाऊन काढली असतील! आपल्याकडेही हे औषध मिळतं. मनानं घेऊ नये, पण डॉक्टरांकडे मागायला लाजूही नये. थोडं थोडं आणि वरचेवर खाणं, आलं, पहाटेचे चुरमुरे यांनी सौम्य मळमळ आटोक्यात राहते. त्यापलीकडे गेली तर औषध घ्यावं.

फॉलिक अ‍ॅसिड या जीवनसत्त्वाची गोष्ट तर आपल्या परळची आहे. लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आली. गिरणगावातल्या गरोदर कामगार बायकांना एक विचित्र रक्तक्षय होत होता, कधीकधी जीवघेणा. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना तिला जंतूंचा संशय होता, तो खरा ठरला नाही. मग तिनं या बायका काय खातात ते पाहिलं आणि तसलाच आहार उंदरांना दिला. उंदरांनाही रक्तक्षय झाला आणि यीस्ट दिल्यावर तो टळला. पुढं तिनं मार्माइट हा यीस्टचा स्वस्त, काळा, खारट अर्क बायकांना दिला आणि त्यांचं रक्त भरून आलं. १९३१ मध्ये तिनं हे प्रसिद्ध केलं. अर्कात नेमकं काय होतं ते तिला माहीत नव्हतं, म्हणून त्याला बरीच वर्षं 'विल्स घटक' म्हणत. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या भाजीतून तो वेगळा काढला आणि पानाच्या 'फोलियम' या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव फॉलिक अ‍ॅसिड पडलं. काही वर्षांत प्रयोगशाळेत तो बनवला गेला, तो येल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रच्या शास्त्रज्ञाच्या हाताखालच्या चमूकडून.

पुढचा धागा १९९१ चा. सात देशांतल्या ३३ केंद्रांवर झालेल्या ब्रिटिश चाचणीत, आधीच्या बाळाला मेंदू किंवा मज्जारज्जूचं व्यंग असलेल्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड दिलं. व्यंग पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला. फायदा इतका उघड होता की चाचणी वेळेआधीच थांबवली. मात्र इथं वेळेची मोठी अडचण आहे. ज्या नळीतून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पहिल्या तपासणीला जाईपर्यंत ते काम होऊनही गेलेलं असतं. म्हणून रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मूल हवंय असं ठरवल्या दिवसापासून, निदान महिनाभर आधीपासून घ्यायची असते. (आधीच्या बाळाला असं व्यंग असेल तर डोस बराच मोठा लागतो, तो डॉक्टर ठरवतात.) मला ती गोळी सातव्या आठवड्यात मिळाली. कुणीतरी आधी बोललं असतं तर, असं मला आजही वाटतं. लूसी विल्सच्या कामाला नव्वद वर्षं होत आली तेव्हा, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के रक्तक्षयी आढळल्या. हे वाचून मन खट्टू होतं.

आमच्यातल्या तिसरीचं दहाव्या आठवड्यात गेलं. सोनोग्राफीत ठोके नव्हते. चार दिवसांनी ती कामावर आली तेव्हा सगळ्यांनी विचारलं, "व्हायरल होता का?" ती हो म्हणाली. दुपारी जिन्यात ती माझ्या आणि डबीवालीच्या मध्ये बसली आणि रडली. तिचं काय गेलं ते त्या अख्ख्या इमारतीत फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं. तिनंही ठरल्याप्रमाणे कुणालाच सांगितलं नसतं, तर त्या दिवशी ती कुठं जाऊन रडली असती?

तिला एकच प्रश्न छळत होता: "मी गावाला एसटीनं गेले म्हणून झालं का?" नाही. लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० टक्के राहत नाहीत, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच. त्यातल्या जवळपास निम्म्यांत कारण गुणसूत्रांच्या वाटणीतली चूक असतं, जी गर्भ राहतो त्याच सुमाराला घडून गेलेली असते. एसटीचे धक्के, उचललेली बादली, घरातलं भांडण यांनी ती होत नाही. हे डॉक्टरांनीही तिला सांगितलं होतं. पण आम्ही सांगितलेलं तिनं तीनदा पुन्हा पुन्हा विचारून घेतलं आणि मगच तिला थोडं पटलं.

बायकांनी एकत्र बसण्यानं काही फरक पडतो का, हे शास्त्रानं मोजून पाहिलं आहे. अमेरिकेत शेरन रायझिंग या सुईणीनं १९९० च्या दशकात एकाच सुमाराच्या आठ-दहा गरोदर स्त्रियांची तपासणी गोलात बसवून, गप्पांसह करण्याची पद्धत सुरू केली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हजारभर स्त्रियांच्या अभ्यासात अशा गटांत अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी आढळली. नंतरच्या एकत्रित आढाव्यांत मात्र तो फायदा तितका ठाम दिसला नाही. आपल्याकडचा पुरावा मला जास्त बोलका वाटतो. 'एकजूट' या संस्थेनं झारखंड-ओडिशातल्या आदिवासी गावांत बायकांच्या मासिक बैठका घेतल्या. गावातलीच एक बाई चित्रं, गोष्टी, खेळ घेऊन चर्चा चालवायची आणि उपाय बायकाच ठरवायच्या. २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: तीन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी, आणि तिसऱ्या वर्षी आयांमधलं मध्यम स्वरूपाचं नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी. मुंबईच्या वस्त्यांत असाच प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले आणि तिथं असा फरक दिसला नाही. मुंबईत बहुतेक बाळंतपणं आधीच दवाखान्यांत होत होती, हे त्यामागचं एक कारण असावं असं मला वाटतं. जिथं आधार सर्वांत कमी असतो तिथं सोबतीचं वजन जास्त पडतं.

सोबतीला मर्यादा आहेत, हे आम्हीही शिकलो. डबीवालीच्या बहिणीनं सुचवलेली गोळी मी जवळजवळ घेतली होती. मग आम्ही ठरवलं, घरगुती युक्त्या एकमेकींच्या घ्यायच्या, गोळ्या डॉक्टरांच्याच. पपई पिकलेली असेल तर भीती नाही, कच्चीचा चीक टाळावा. पण आठ तास लघवीला झाली नाही, पाणीही पोटात ठरत नाही, वजन झपाट्यानं उतरतंय, रक्त जातंय, पोटात एका बाजूला जोराची कळ येतेय किंवा डोळ्यांपुढे अंधारी येतेय, यातलं काही असेल तर जिन्यात बसायचं नाही, रिक्षा करून थेट दवाखाना गाठायचा. एका बाजूची कळ म्हणजे गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहिनीत राहिल्याची खूण असू शकते आणि तिथं तासांचा हिशेब असतो.

माझी मुलगी आठ महिन्यांची असताना एका रविवारी सकाळी फोन वाजला. तिसरीचा. चाचणी करून तिला दहा मिनिटंही झाली नव्हती, घरात नवऱ्याशिवाय अजून कुणाला माहीत नव्हतं. तिनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"पाचवा," ती म्हणाली.

मी मुलीला कडेवर घेतलं आणि मांडणीवरची ती स्टीलची डबी शोधायला स्वयंपाकघरात गेले.