मॅरिनर्सचा २०२५चा सीझन: इथपर्यंत यायला काय काय घडलं

टोरांटोतल्या सेमीफायनलच्या सातव्या, निर्णायक मॅचमध्ये सातव्या इनिंगला आमची बेसबॉल टीम मॅरिनर्स ३-१ने पुढे होती, वर्ल्ड सिरीज म्हणजे फायनल फक्त आठ आउट लांब, तेवढ्यात टोरांटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने तीन रनचा होमरन (क्रिकेटच्या सिक्सरसारखा फटका) मारला, मॅच ४-३ अशी गेली आणि सिअ‍ॅटलचा २०२५चा सीझन तिथंच संपला. मेजर लीग म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगच्या ३० टीमपैकी वर्ल्ड सिरीज कधीच न खेळलेली ही एकच टीम, त्यामुळे "यांचं नेहमीचंच" म्हणणारे लगेच सुरू झाले. मला ते अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल, कारण इथं एका चांगल्या सीझनच्या जिवावर अख्खी टीम गावात टिकलीये.

मुळात सिअ‍ॅटलची पहिली टीम वेगळीच होती, पायलट्स. १९६९ला आली, जुन्या सिक्स स्टेडियममध्ये एकच सीझन खेळली, दिवाळखोरीत निघाली आणि पुढचा सीझन तोंडावर आलेला असताना उचलून मिलवॉकीला नेली, तीच आजची ब्रुअर्स. मग वॉशिंग्टन राज्य, किंग काउंटी आणि शहर यांनी मिळून थेट अमेरिकन लीगवर (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) केस ठोकली. राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल तेव्हा स्लेड गॉर्टन होते, हे नाव लक्षात ठेवा. १९७६ला केस कोर्टात उभी राहिली आणि लीगने नवीन टीम द्यायचं कबूल करून ती मिटवली. म्हणजे मॅरिनर्स ही भांडून मिळवलेली टीम आहे! ६ एप्रिल १९७७ला किंगडोम नावाच्या स्टेडियममध्ये पहिली मॅच झाली, त्यात कॅलिफोर्नियाच्या एंजल्सकडून ७-०ने हरले, आणि त्यानंतर सलग चौदा सीझन असे गेले की जिंकलेल्या मॅचेसपेक्षा हरलेल्या जास्त.

१९८९ला केन ग्रिफी ज्युनियर आला, १९ वर्षांचा पोरगा, आणि पहिल्यांदा लोक फक्त एका माणसाची बॅटिंग बघायला स्टेडियमला यायला लागले. पुढच्या वर्षी त्याचे वडीलही याच टीममध्ये आले आणि सप्टेंबरमध्ये बाप-लेकाने एकामागोमाग एक होमरन मारले. पण मालकाच्या मनात टीम फ्लोरिडाला न्यायचं घाटत होतं. तेव्हा पुन्हा गॉर्टनच पुढे आले, आता सिनेटर म्हणून, आणि त्यांनी गाठलं व्हिडिओ गेमवाल्या जपानी निन्टेंडो कंपनीला. शेजारच्या रेडमंड गावात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना मायक्रोसॉफ्टचा कॅम्पस पाठ असतो, पण त्याच्याच शेजारच्या निन्टेंडोमुळे ही टीम इथं राहिली हे फारसं कुणी सांगत नाही. निन्टेंडोचे प्रमुख हिरोशी यामाउचींनी बहुतेक पैसा घातला, जपानी मालक नको म्हणून बराच विरोधही झाला, तरी १९९२ला व्यवहार झालाच.

आणि मग १९९५. ऑगस्टच्या सुरुवातीला टेबलमध्ये एंजल्सच्या तब्बल १३ मॅच मागे होते हो, कुणी यांचं नावही घेत नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी किंगडोमच्या छताच्या टाइल्स खाली पडल्या होत्या म्हणून नवीन स्टेडियम पाहिजे होतं, आणि सप्टेंबरमध्ये काउंटीच्या मतदारांनी त्यासाठीचा टॅक्स थोडक्यात नाकारला, मालक म्हणाले मग टीम विकावी लागेल. अशा सगळ्या टेन्शनमध्ये हे लोक रोज जिंकत सुटले, शेवटी एंजल्सबरोबर बरोबरी झाली, एक जादा मॅच ठेवावी लागली आणि पिचर (बॉल टाकणारा) रँडी जॉन्सनने ती ९-१ने काढून दिली. पुढे प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, न्यूयॉर्कच्या यँकीजविरुद्ध पहिल्या दोन मॅच हरून नंतरच्या तिन्ही जिंकल्या, पाचव्या मॅचला अकराव्या इनिंगमध्ये एडगर मार्टिनेझचा डबल (बॅट्समनला दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) आणि पहिल्या बेसवरून ग्रिफी जो पळत सुटला तो थेट होम प्लेटपर्यंत. तो व्हिडिओ आजही लागला की मी पूर्ण बघतोच. पुढे क्लीव्हलंडकडून हरले, पण त्याच महिन्यात राज्याच्या विधिमंडळाने स्टेडियमचे पैसे मंजूर केले. आजचं टी-मोबाइल पार्क हे टीमचं स्टेडियम उभं आहे ते त्या सीझनमुळे, माझ्या मते तरी हे कुठल्याही ट्रॉफीपेक्षा मोठं आहे.

२००१ची गोष्ट सगळ्यांना माहितीये, जपानहून आलेल्या इचिरोचं पहिलं वर्ष, ११६ विजय, १९०६च्या शिकागो कब्जच्या रेकॉर्डशी बरोबरी, आणि शेवटी यँकीजकडून ४-१. पण त्या टीमचे आधार वयस्कर होते, एडगर आणि जेमी मॉयर दोघं ३८चे, त्यामुळे २००४ला याच टीमने ९९ मॅच हरल्या. २००१नंतर सलग २० सीझन प्लेऑफ नाही. इचिरोचे एका सीझनमध्ये २६२ हिट्स, पिचर फेलिक्स हर्नांडेझचा परफेक्ट गेम (समोरच्या एकालाही बेसवर पोचू न देता जिंकलेली मॅच), हे सगळं त्या कोरड्या काळातलं. ३० सप्टेंबर २०२२ला कॅल रॉलीने शेवटच्या इनिंगमध्ये होमरन मारून तो दुष्काळ संपवला.

म्हणून २०२५कडे मी वेगळ्या नजरेने बघतो. रॉलीला २०१८च्या ड्राफ्टमध्ये (नवीन पोरं आळीपाळीने निवडायची पद्धत) तिसऱ्या राउंडला घेतलेलं, गिल्बर्ट, कर्बी, वू हे पिचर पण याच टीमने ड्राफ्ट केलेले, हुलिओ रॉड्रिगेझला डॉमिनिकन रिपब्लिकमधून अगदी कोवळ्या वयात आणलेलं. म्हणजे घरात वाढवलेली पोरं! रॉलीने ६० होमरन मारले, तेही कॅचर, म्हणजे विकेटकीपरसारखं दमवणारं काम करणारा, असून. कॅचरचा आधीचा रेकॉर्ड ४८, टीममध्ये ग्रिफीचा ५६. आणि ५९वा-६०वा त्याने त्याच रात्री मारले ज्या रात्री २००१नंतर पहिल्यांदा डिव्हिजनमध्ये (आपल्या गटात) पहिला नंबर नक्की झाला. प्लेऑफमध्ये डेट्रॉइटविरुद्धची पाचवी मॅच १५ इनिंग चालली, होर्हे पोलांकोच्या हिटवर जिंकली. टोरांटोविरुद्ध पाचव्या मॅचला आठव्या इनिंगमध्ये आधी रॉलीने बरोबरी केली, मग सुआरेझचा ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना मारलेला चार रनचा होमरन), तेव्हा स्टेडियममध्ये जो आवाज झाला असेल त्याची कल्पना टीव्हीवरूनसुद्धा येत होती. आणि मॅनेजर कोण, तर डॅन विल्सन, १९९५चा कॅचर. बॅटिंगकडे लक्ष द्यायला एडगर.

हार लागलीच, लागणारच. पण रॉलीचा करार सहा वर्षांचा आहे, हुलिओ त्याहून लांब बांधलेला आहे, आणि नोव्हेंबरमध्ये जॉश नेलरलाही पाच वर्षांसाठी ठेवून घेतलं. पळायला लीगमधल्या सगळ्यात स्लो लोकांपैकी एक असून नुसत्या डोक्याने सीझनमध्ये ३० बेस चोरणारा (फटका न बसताच पळून पुढचा बेस गाठणारा) माणूस, तो अजून पाच वर्षं इथं बघायला मिळणार.