‘जमीनीवर’ लिहिणारा माणूस

“ज्याला शुद्ध लिहिता येत नाही, त्याला नीट विचारही करता येत नाही.” हे वाक्य मी शिक्षकांकडून ऐकलंय, संपादकांकडून ऐकलंय, मुलाखती घेणाऱ्यांकडून ऐकलंय. बरीच वर्षं मीही ते मनापासून मानत होते. कामानिमित्त माझ्याकडे लोकांचे लेख आणि अर्ज वाचायला येतात. दुसऱ्याच ओळीत ‘जमिनीवर’ऐवजी ‘जमीनीवर’ दिसलं की पुढचा मजकूर मी वेगळ्या नजरेने वाचू लागायचे आणि लिहिणाऱ्याच्या मुद्द्यातही ढिसाळपणा शोधायचे.

मग एकदा माझ्याच छापून आलेल्या लेखात मला ‘बहीणीला’ सापडलं. नियम मला पाठ होता, इतरांना मी तो समजावून सांगत असे. तरीही माझ्या हातून ते लिहिलं गेलं होतं आणि छापायला देण्याआधी तीनदा वाचूनही मला दिसलं नव्हतं. ज्याला नियम पक्का ठाऊक आहे त्याच्या हातून चूक नेमकी कशी होते, हे शोधायला मी तेव्हापासून लागले. मानसशास्त्राने या प्रश्नावर गेल्या तीसेक वर्षांत फार सुंदर काम केलं आहे.

आधी तो नियम आठवू या. मराठी शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षरातला इकार किंवा उकार दीर्घ असेल, तर विभक्ती लागताना तो ऱ्हस्व होतो. जमीन – जमिनीवर, बहीण – बहिणीला, पीक – पिकाला, फूल – फुलाला. पण शब्द संस्कृतमधून जसाच्या तसा आलेला असेल तर तो बदलत नाही. गीत – गीताला, दीप – दीपाला, शरीर – शरीराला. आता ‘पीक’ आणि ‘गीत’ हे दोन शब्द मोठ्याने म्हणून बघा. कान त्यांच्यात काहीच फरक सांगत नाही. ‘पिकाला’ आणि ‘गीताला’ बरोबर लिहायचं तर शब्दाचं कूळ ठाऊक हवं. म्हणजे हे लिहिताना परीक्षा होते ती शब्दांच्या वंशावळीच्या माहितीची. ज्याच्या कानावर लहानपणी संस्कृत पडलं त्याला ती आपोआप मिळते, इतरांना कष्टाने मिळवावी लागते.

आता मेंदूत काय घडतं ते पाहू. शब्द लिहिताना त्याचं रूप दोन वाटांनी हाताशी येऊ शकतं. पहिली वाट स्मरणाची. हजारदा पाहिलेला शब्द अख्ख्या चित्रासारखा साठवलेला असतो आणि तो मनात आला की चित्रच उगवतं. जितक्या वेळा तो पाहिला, लिहिला, तितकं ते लवकर उगवतं. दुसरी वाट नियमाची. मूळ शब्द घ्यायचा, त्याचं कूळ तपासायचं, प्रत्यय लावायचा, आधीचा स्वर बदलायचा. ही वाट बिनचूक असली तरी संथ आहे आणि तिला कार्यकारी स्मृती लागते. कार्यकारी स्मृती म्हणजे विचार चालू असताना गोष्टी तात्पुरत्या धरून ठेवणारी जागा. ती फार लहान आहे, एका वेळी साधारण चारच घटक मावतात. लिहिताना तिथे आधीच गर्दी असते: वाक्य कुठे संपवायचं, पुढचा मुद्दा कोणता, वाचणाऱ्याला हे पटेल का. अशा गर्दीत दोन्ही वाटांची शर्यत लागते आणि स्मरणाची वाट बहुधा जिंकते. ‘जमीन’ हे चित्र आधी पोहोचतं, हात ते लिहून मोकळा होतो आणि ‘ईवर’ मागाहून चिकटतं. दोन्ही रूपांचा उच्चार सारखाच असल्यामुळे मनातल्या मनात ऐकतानाही काही खटकत नाही.

डच भाषेत या शर्यतीची मोजणी झाली आहे. तिथे ‘मी होतो’ आणि ‘तो होतो’ या अर्थाच्या दोन क्रियारूपांचा उच्चार एकच, साधारण ‘वॉर्ट’. लिहिताना मात्र पहिल्याच्या शेवटी ‘डी’ येतो आणि दुसऱ्याच्या शेवटी ‘डीटी’. नियम अगदी सोपा आहे, शाळेत वर्षानुवर्षं घोटून घेतात, तरी शिकलेली माणसं आयुष्यभर इथे चुकतात. दोमिनिक सान्द्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली शाळा संपवत आलेल्या मुलांना घाईत श्रुतलेखन घातलं. त्यांच्या चुका वाटेल तशा विखुरलेल्या नव्हत्या. ज्या क्रियापदाचं ‘डी’ रूप लिखाणात जास्त भेटतं, तिथे ‘डीटी’च्या जागी ‘डी’ पडत होता. जिथे ‘डीटी’ रूप जास्त भेटतं, तिथे याच्या उलट होत होतं. चूक कुठे होणार आणि कोणत्या दिशेने होणार, हे त्या रूपाच्या वारंवारतेवरून आधीच सांगता येत होतं.

फ्रेंचमधला प्रयोग मला याहून आवडतो. तिथे बऱ्याच क्रियापदांचं एकवचन आणि अनेकवचन कानाला सारखंच, फक्त कागदावर अनेकवचनाला शेवटी मूक अक्षरं जास्त. मिशेल फायोल आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली सुशिक्षित प्रौढांना वाक्यं ऐकवून लिहायला सांगितली. वाक्याचा सांगाडा असा: ‘शेजाऱ्यांचा कुत्रा येतो’. फ्रेंचमध्ये शब्दांचा क्रम ‘कुत्रा शेजाऱ्यांचा येतो’ असा पडतो, म्हणजे अनेकवचनी ‘शेजारी’ क्रियापदाला खेटून बसतात. नुसतं लिहायला सांगितलं तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी बरोबर लिहिलं. मग त्यांच्यावर आणखी एक काम टाकलं, उदाहरणार्थ लिहिता लिहिता काही शब्द लक्षात ठेवायचे. लगेच त्याच माणसांच्या हातून क्रियापदाला अनेकवचनाची अक्षरं लागू लागली. एक-दोन मिनिटांत त्यांची बुद्धी कमी झाली नव्हती, व्याकरणही ती विसरली नव्हती. कार्यकारी स्मृतीतली थोडी जागा काढून घेतली होती, एवढंच.

पुढे फायोल यांनी शाळकरी मुलांवरही हे करून पाहिलं. नुकतीच लिहायला शिकणारी मुलं वेगळ्या चुका करतात, ती अनेकवचनाची खूण लावायलाच विसरतात. मग त्यांना नियम येतो आणि ती तो सावकाश, जपून लावतात. जवळच्या नामाकडे ओढलं जाण्याची चूक सुरू होते ती त्यानंतर, नियम हातात मुरून आपोआप लागू लागला की. ती कौशल्याबरोबर येणारी चूक आहे! ‘चूक म्हणजे अडाणीपणा’ हे समीकरण इथे पूर्ण उलटं पडतं.

टंकलेखनात तर हातांचा स्वतःचा वेगळा हिशेब असतो. गॉर्डन लोगन आणि मॅथ्यू क्रम्प यांनी २०१० साली सराईत टंकलेखकांना संगणकावर शब्द लिहायला दिले आणि गुपचूप पडद्यावर ढवळाढवळ केली. काही खऱ्या चुका संगणकाने दुरुस्त करून दाखवल्या, काही बरोबर शब्दांत चुका घुसवल्या. लोकांनी पडद्यावर विश्वास ठेवला. दुरुस्त झालेल्या शब्दाचं श्रेय घेतलं, घुसवलेल्या चुकीचा दोष पत्करला. बोटं मात्र फसली नाहीत. खरी चूक झाली की लगेचची कळ दाबताना ती किंचित संथ होत, घुसवलेल्या चुकीवर होत नसत. लिहिणाऱ्याच्या आत दोन तपासनीस आहेत आणि एकाला दिसलेलं दुसऱ्याला कळतंच असं नाही. मी ‘बहीणीला’ लिहिलं तेव्हा माझी बोटं अडखळली असतील का, हे मला आता कधीच कळणार नाही. पण तीनदा वाचून ते का दिसलं नाही, याचं उत्तर आहे. स्वतःचा मजकूर वाचताना पुढे काय येणार हे मेंदूला आधीच माहीत असतं आणि डोळे त्या अपेक्षेवरून घसरत जातात.

इथे एका अफवेचा समाचार घ्यायला हवा. शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर असलं की मधली कशीही फिरवा, वाचताना काही फरक पडत नाही असं केम्ब्रिजच्या संशोधनात सिद्ध झालं, हा मजकूर २००३ पासून फिरतो आहे. तसं संशोधन तिथे झालेलंच नव्हतं. पुढे कीथ रेनर यांच्या गटाने खरोखर मोजलं, तेव्हा मधली अक्षरं हलवली तरी वाचन मंदावत होतं, आणि सुरुवातीची हलवली तर वेग एक तृतीयांशाहून जास्त घटत होता. म्हणजे ‘अर्थ कळला ना, मग झालं’ हेही खरं नाही. चुकीची किंमत असते आणि ती वाचणाऱ्याला मोजावी लागते. माझ्या वाचकाने ती का मोजावी? म्हणून मी आजही प्रत्येक ओळ तपासते.

काहींच्या बाबतीत गाठ याहून खोल असते. डिस्लेक्सिया असलेल्यांना ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालणं जन्मतःच जड जातं. त्याचा बुद्धिमत्तेशी संबंध नाही, आणि वाचन सुधारलं तरी लिहिण्यातल्या चुका प्रौढपणीही उरतात. २००१ साली एका अभ्यासात इंग्रजी, फ्रेंच आणि इटालियन वाचणारे डिस्लेक्सिक तरुण तपासले. वाचताना तिघांच्याही मेंदूत डाव्या बाजूचा एकच भाग कमी सक्रिय होता. तरी इटालियन तरुण इतर दोघांपेक्षा पुष्कळ अचूक वाचत होते, कारण त्यांची भाषा जशी उच्चारते तशीच लिहिली जाते. अडचण तीच असूनही लेखनपद्धतीच्या गुंतागुंतीप्रमाणे चुका वाढतात किंवा कमी होतात.

आता चूक पाहणाऱ्याकडे वळू. डोक्यावर विद्युतअग्रं लावून वाचायला दिलं तर व्याकरणाची चूक दिसल्यावर सुमारे ६०० मिलिसेकंदांनी एक धन विद्युतलहर उमटते. तिला ‘पी ६००’ म्हणतात. मेंदू वाक्य पुन्हा तपासायला घेतो आहे, असा तिचा अर्थ लावतात. २०१२ साली आद्रियाना हानुलिकोवा आणि सहकाऱ्यांनी डच लोकांना लिंगाची चूक असलेली वाक्यं ऐकवली. डच माणसाच्या तोंडून चूक आली तेव्हा लहर उमटली. तीच चूक तुर्की हेल असलेल्या माणसाच्या तोंडून आली तेव्हा उमटली नाही. अर्थच चुकला असेल तर मात्र मेंदू दोघांच्याही बाबतीत दचकत होता. म्हणजे कोण बोलतंय हे पाहून ऐकणारा आपली मोजपट्टी जाणिवेच्या आधीच बदलतो. लिखाणात हेल ऐकू येत नाही, चेहरा दिसत नाही. तिथे आपण एक माणूस कल्पनेने उभा करतो आणि त्याला मोजतो.

ही मोजपट्टी माणसागणिकही बदलते. मिशिगन विद्यापीठाच्या ज्युली बोलंड आणि रॉबिन क्वीन यांनी ८३ जणांना घरात सोबत राहण्यासाठी आलेले ईमेल वाचायला दिले, काही निर्दोष, काही चुकांचे. २०१६ साली आलेल्या निष्कर्षांनुसार, इतरांशी सहज जुळवून न घेणाऱ्यांना व्याकरणाच्या चुका जास्त झोंबल्या आणि मोकळ्या, बहिर्मुख लोकांनी त्या सोडून दिल्या. ८३ हा आकडा लहान आहे, त्यावर मोठी इमारत उभी करू नये. पण फ्रान्समध्ये ५३६ व्यावसायिक निवडकर्त्यांना अर्ज तपासायला दिले तेव्हाही हेच सूत्र पुढे आलं. लेखनाच्या चुकांनी अर्जदाराची संधी अनुभव नसण्याइतकीच घटवली, आणि निर्णय निवडकर्त्याचं स्वतःचं लेखन किती पक्कं आहे यावरही अवलंबून होता. एकच अर्ज एका टेबलावर टिकतो, दुसऱ्यावर बाद होतो. हस्ताक्षरावरून स्वभाव सांगणाऱ्यांना आपण विज्ञानाच्या कसोटीवर नापास करतो, आणि ते योग्यच आहे, कारण त्यांची भाकितं पडताळणीत टिकत नाहीत. मग ऱ्हस्व-दीर्घावरून प्रामाणिकपणा, मेहनत आणि तर्कबुद्धी ओळखणाऱ्यांनाही तीच कसोटी लावायला हवी.

आणि ज्या पट्टीने मोजायचं ती पट्टी तरी कुठे स्थिर आहे? १९६२ साली मराठीचे नवे लेखननियम शासनाने स्वीकारले. त्याआधी ‘एका घरात’ या अर्थाने ‘घरांत’ लिहिणं शुद्ध होतं, ‘नाहीं’, ‘केलें’ शुद्ध होतं, ‘कवि’ ऱ्हस्व होता. नंतर तीच अक्षरं अशुद्ध ठरली. काल ज्याचा गुण जात होता त्याला आज मिळू लागला, ज्याला मिळत होता त्याचा जाऊ लागला, दोघांच्याही डोक्यात काहीच बदललं नव्हतं. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्याचं तर त्याहून वेगळं आहे. मराठीच्या कित्येक बोलींत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो आणि तो नियमाने, न चुकता येतो. तो माणूस आपल्या बोलीचं व्याकरण काटेकोर पाळत असतो. प्रमाणभाषा त्याला वेगळी शिकावी लागते, एवढंच.

तरीही चूक काहीच सांगत नाही असं मी म्हणणार नाही. मजकुरात चुकांचा खच असेल तर तो पुन्हा वाचला गेला नाही, किंवा लिहिणाऱ्याचं त्या भाषेतलं वाचन कमी आहे, एवढा अंदाज करता येतो. औषधाच्या मात्रेतला दशांशचिन्हाचा घोळ किंवा करारातला गळलेला ‘न’ माफ करण्याजोगा नाही, तिथे लिहिणाऱ्याला जबाब द्यावाच लागेल. मुद्रितशोधकाची निवड करताना ‘जमीनीवर’ला गुण कापलेच पाहिजेत. यांत्रिकाची, परिचारिकेची किंवा गणिताच्या शिक्षकाची निवड करताना त्याच शब्दावर अर्ज बाजूला ठेवणं मला अन्याय वाटतो, आणि तो मी स्वतः पूर्वी केला आहे.

हल्ली मी अर्ज आले की आधी दुसऱ्या कोणाकडून त्यांतलं लेखन दुरुस्त करून घेते आणि ती दुरुस्त प्रत वाचून मुद्द्यांना गुण देते. मूळ प्रत त्यानंतर उघडते. कामात रोज लिहावं लागणार असेल तरच भाषेची वेगळी परीक्षा घेते, कामातलाच एखादा मजकूर देऊन, पुरेसा वेळ देऊन, आणि शब्दकोश शेजारी ठेवून.