स्कॉटलंडचे स्वातंत्र्य सार्वमत (२०१४)

युनायटेड किंग्डममधून बाहेर पडून स्वतंत्र देश व्हायचे की नाही, हे ठरवण्यासाठी स्कॉटलंडमध्ये १८ सप्टेंबर २०१४ रोजी झालेले मतदान. नकाराच्या बाजूने २०,०१,९२६ (५५.३ टक्के) आणि होकाराच्या बाजूने १६,१७,९८९ (४४.७ टक्के) मते पडली. छोट्या राष्ट्राने मोठ्या राज्यसंघातून फुटून निघावे का, या वादात बहुतेक ठिकाणी आधी रक्त सांडते किंवा निदान कोर्टकचेरी तरी होते. इथे ब्रिटिश आणि स्कॉटिश अशा दोन्ही सरकारांनी आधी नियम लिहून काढले आणि निकाल मानण्याचे वचन दिले.

स्कॉटलंड आणि इंग्लंड यांची संसद १७०७ साली एक झाली, तरी स्कॉटलंडचा कायदा, चर्च आणि शिक्षणव्यवस्था वेगळीच राहिली. म्हणून २०१४ चा वाद भाषा किंवा धर्म वाचवण्याचा नव्हता. कर, खर्च आणि युद्ध-तह यांचे निर्णय कुणी घ्यायचे, एवढाच तो होता. स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा इथे स्वतंत्र विधिमंडळ असावे का, यावर १९७९ मध्ये मतदान झाले, तेव्हा ५१.६ टक्के मतदारांनी होकार दिला. पण एकूण नोंदणीकृत मतदारांपैकी ४० टक्क्यांचा होकार हवा, अशी अट कायद्यात घातलेली होती आणि तो जेमतेम ३३ टक्के भरला. मेलेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची नावेही यादीत होती. त्यामुळे न आलेला प्रत्येक जण नकारातच मोजला गेला. त्या अटीची कटुता पुढे अनेक वर्षे टिकली. १९९७ मध्ये अशी अट नव्हती, ७४.३ टक्के होकार मिळाला आणि १९९९ पासून विधिमंडळाचे काम सुरू झाले. २०११ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टीने १२९ पैकी ६९ जागा जिंकल्या, तेव्हा सार्वमत टाळणे लंडनलाही शक्य राहिले नाही.

राज्यघटनेशी निगडित विषय लंडनच्या संसदेकडे राखीव होते. म्हणून ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून आणि स्कॉटिश सरकारचे प्रमुख ॲलेक्स सॅमंड यांनी १५ ऑक्टोबर २०१२ रोजी एडिंबरा करारावर सह्या केल्या आणि १९९८ च्या स्कॉटलंड कायद्यातील कलम ३० खाली आदेश काढून सार्वमताचा अधिकार तात्पुरता एडिंबराकडे देण्यात आला. अटी दोन : प्रश्न एकच आणि मतदान २०१४ संपण्याआधी. साधे बहुमत पुरेसे ठरले. २००६ मध्ये माँटेनेग्रोला युरोपीय संघाने ५५ टक्क्यांचा उंबरठा घातला होता आणि तो देश ५५.५ टक्क्यांवर, अगदी काठावर, स्वतंत्र झाला. तिथे ५४ टक्के पडले असते, तर बहुसंख्य बाहेर पडू पाहतात आणि देश मात्र जागचा हलत नाही, असा पेच उभा राहिला असता.

प्रश्नाच्या शब्दरचनेवर बराच खल झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा, याच्याशी तुम्ही सहमत आहात का?’ असा मूळ मसुदा होता. ‘सहमत आहात का’ म्हटल्याने मतदार होकाराकडे झुकतो, असे निवडणूक आयोगाला चाचणीत आढळले. त्यामुळे ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का?’ एवढाच प्रश्न छापला गेला. क्यूबेकमध्ये १९९५ साली विचारलेल्या प्रश्नात कॅनडाला द्यायचा भागीदारीचा प्रस्ताव, एक विधेयक आणि एक करार असे सारे कोंबलेले होते. आपण नेमके कशाला मत देतो आहोत, हे तिथल्या अनेकांना उमगले नव्हते.

मताधिकार वंशावर नव्हे, वास्तव्यावर ठरला. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला पण लंडनमध्ये राहणारा माणूस मत देऊ शकत नव्हता. ग्लासगोत किंवा ॲबर्डीनमध्ये रीतसर राहणारा भारतीय नागरिक मात्र राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून देऊ शकत होता. १६ आणि १७ वर्षांच्या मुलांनाही हा हक्क मिळाला. अशा वादात ‘राष्ट्र म्हणजे कोण’ याचे उत्तर भाषणांपेक्षा मतदारयादीच स्पष्ट देते.

खरे मर्म चलनात होते. स्कॉटिश सरकारने २६ नोव्हेंबर २०१३ रोजी काढलेल्या ६७० पानी श्वेतपत्रिकेत पौंडच ठेवायचा, बँक ऑफ इंग्लंडच मध्यवर्ती बँक राहील, असे म्हटले होते. पण हे दुसऱ्या बाजूच्या संमतीशिवाय होणारे नव्हते. ब्रिटिश अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी १३ फेब्रुवारी २०१४ रोजी एडिंबरात येऊन सपशेल नकार दिला आणि मजूर पक्ष व लिबरल डेमोक्रॅट यांनीही त्यांना दुजोरा दिला. ब्रिटिश अर्थखात्याच्या हिशेबाने स्कॉटिश बँकांची मालमत्ता तिथल्या वार्षिक उत्पन्नाच्या साडेबारापट होती. उद्या एखादी बँक बुडाली, तर परदेश झालेल्या स्कॉटलंडसाठी उर्वरित ब्रिटनच्या करदात्याने पैसे का भरावेत, हा त्यांचा सवाल होता. त्यावर सॅमंड यांचे उत्तर असे : पौंड ही सामाईक मालमत्ता आहे, ती वाटून मिळणार नसेल, तर कर्जाचा वाटाही आम्ही उचलणार नाही. हे उत्तर सभेत टाळ्या घेई, पण तोकडे होते. मध्यवर्ती बँकेची गंगाजळी वाटून घेता येते. संकटात धावून येण्याची तिची हमी वाटता येत नाही.

पर्याय होते, पण एकही बिनखर्चाचा नव्हता. पनामा डॉलर वापरतो तसा संमतीशिवाय पौंड वापरला, तर व्याजदर लंडन ठरवणार आणि बँकांच्या पाठीशी कुणीच नाही. स्वतःचे चलन काढले, तर लोकांची गृहकर्जे पौंडात आणि पगार नव्या नाण्यात. युरो तर दूरच. ५ ऑगस्टच्या टीव्हीवरील वादात नकार बाजूच्या ॲलिस्टर डार्लिंग यांनी दुसरी योजना कोणती, हे पुनःपुन्हा विचारले. ती उघड केली असती, तर पहिल्या योजनेची घासाघीस तिथेच संपली असती; म्हणून सॅमंड बोलले नाहीत आणि ते मौन त्यांना महागात पडले.

स्कॉटलंडच्या तीन बँका आजही स्वतःच्या नोटा छापतात. मात्र त्यांच्या तारणासाठी बँक ऑफ इंग्लंडमध्ये दहा लाख आणि दहा कोटी पौंडांच्या खास नोटा ठेवलेल्या असतात. त्या बाजारात कधीच येत नाहीत. वेगळी दिसणारी नोट वेगळे चलन नसते, हे यावरून कळते. चेकोस्लोव्हाकिया १ जानेवारी १९९३ ला दुभंगला, तेव्हा चलन सामाईक ठेवायचे ठरले होते. स्लोव्हाक ठेवीदारांनी पैसे चेक बँकांकडे हलवायला सुरुवात केली आणि ८ फेब्रुवारीला, जुन्याच नोटांवर तिकिटे चिकटवून, दोन चलने करावी लागली.

इतर मुद्दे त्यामानाने लवकर आटोपतात. युरोपीय संघात आपोआप राहता येईल की नव्याने अर्ज करावा लागेल, यावर कायदेपंडितांत एकमत नव्हते. स्कॉटलंडमधील फासलेनच्या तळावरील ब्रिटिश अण्वस्त्रधारी पाणबुड्या हलवायच्या, तर इंग्लंडमध्ये तयार जागाच नव्हती. तेलाच्या उत्पन्नाचे आकडे पिंपाला ११० डॉलर धरून मांडले होते. जानेवारी २०१५ मध्ये भाव ५० च्या खाली गेला. स्वातंत्र्याचा दिवस २४ मार्च २०१६ ठरवला होता, म्हणजे साऱ्या वाटाघाटींना दीड वर्ष. लंडनने मतदानापूर्वी त्या सुरू करायला नकार दिल्याने होकार बाजूला न झालेल्या कराराची बाजू लढवावी लागली. अशा प्रत्येक वादात बाहेर पडू पाहणाऱ्यांची हीच सर्वांत मोठी अडचण असते.

७ सप्टेंबरला प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत होकार ५१ टक्क्यांवर गेला. दोन मोठ्या बँकांनी होकार जिंकल्यास नोंदणीकृत मुख्यालय लंडनला हलवण्याचा इरादा सांगितला, आणि १६ तारखेला तिन्ही ब्रिटिश पक्षनेत्यांनी वाढीव अधिकारांचे वचन वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर छापून आणले. मतदान ८४.६ टक्के झाले. ३२ स्थानिक परिषदांपैकी ग्लासगो, डंडी, वेस्ट डनबार्टनशर आणि नॉर्थ लॅनार्कशर या चारच परिषदांत होकार जिंकला. पण ग्लासगोत मतदान ७५ टक्के, सर्वांत कमी, होते. नकाराचे पारडे जड असलेल्या ईस्ट डनबार्टनशरमध्ये ते ९१ टक्के झाले. मतदारयादीत नव्याने आलेल्या लोकांकडून काही परिषदा जुन्या डोईपट्टीची (माणशी आकारल्या जाणाऱ्या कराची) थकबाकी वसूल करू लागल्या, तेव्हा ती वसुली २०१५ मध्ये कायद्याने बंद करण्यात आली.

वचनाप्रमाणे २०१६ च्या स्कॉटलंड कायद्याने प्राप्तिकराचे दर आणि टप्पे ठरवण्याचा अधिकार एडिंबराला मिळाला. त्याच वर्षी ब्रेक्झिटच्या मतदानात स्कॉटलंडमधील ६२ टक्के मतदारांनी युरोपीय संघात राहण्याचा कौल दिला आणि तरी त्यांना बाहेर पडावे लागले. तेव्हापासून दुसऱ्या सार्वमताची मागणी होत आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला, की लंडनच्या संमतीशिवाय असे सार्वमत घेण्याचा कायदा स्कॉटिश विधिमंडळ करू शकत नाही. उत्तर आयर्लंडसाठी असे मतदान केव्हा घ्यायचे आणि दोन मतदानांत किमान सात वर्षांचे अंतर ठेवायचे, याची तरतूद १९९८ च्या उत्तर आयर्लंड कायद्यातच आहे. स्कॉटलंडसाठी तशी तरतूद नाही.